हा बिल्ड नेमका कुठल्या कमिटचा? बिल्डमध्ये रिव्हिजनची माहिती घालण्याबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सी भाषेतल्या फर्मवेअरच्या बिल्ड स्क्रिप्ट लिहिण्यात माझी बरीच वर्षं गेली. टीममध्ये नवीन आलेला प्रत्येक जण पहिल्या दोन महिन्यांत यातले निम्मे प्रश्न विचारतोच, म्हणून उत्तरं एका जागी लिहून ठेवली आहेत. बहुतेक उत्तरं गिट ही व्हर्जन कंट्रोल प्रणाली (सोर्समधल्या बदलांची नोंद ठेवणारी) धरून दिली आहेत. बाकीच्या प्रणालींचा प्रश्न पुढे वेगळा घेतला आहे.

व्हर्जन नंबर आहे ना? मग कमिटचा हॅश कशाला हवा?

व्हर्जन नंबर माणूस ठरवतो आणि माणूसच तो बदलायचा विसरतो. कमिट म्हणजे सोर्सच्या एका अवस्थेची नोंद आणि हॅश म्हणजे त्या नोंदीची आकड्या-अक्षरांची ओळख. हॅश सोर्सवरूनच निघतो, तिथे विसरण्याचा प्रश्नच नाही.

एकदा माझ्या टेबलावर मोटर कंट्रोलरचे दोन बोर्ड होते. दोन्हींच्या सिरियल कन्सोलवर सुरुवातीलाच एकच ओळ यायची, "व्हर्जन २.३". एकावर बटण दाबलं की मोटर लगेच थांबायची, दुसऱ्यावर जरा उशिरा. वायरिंग बदलून पाहिलं, पॉवर सप्लाय बदलला, बटणं अदलाबदल केली. दोन दिवस त्यात गेले. शेवटी दोन्ही बोर्डांची फ्लॅश मेमरी वाचून बाइट-बाइट ताडून पाहिली, तर फरक निघाला. एका सहकाऱ्याने चाचणीसाठी बटणाचा डीबाउन्सचा (बटण खरंच दाबलं गेलं याची खात्री होईपर्यंत थांबण्याचा) वेळ २० मिलिसेकंदांवरून २०० केला होता, स्वतःच्या लॅपटॉपवरून बोर्ड भरला होता आणि तो बदल कधी कमिटच केला नव्हता. बोर्डाने सुरू होताना "२.३, अधिक १४ कमिट, वर कमिट न केलेले बदल" एवढं सांगितलं असतं, तर पहिल्या मिनिटात उलगडा झाला असता.

मग नेमकी कोणती माहिती घालायची?

चार गोष्टी पुरतात: जवळचा टॅग (कमिटला दिलेलं नाव), त्यानंतरच्या कमिटची संख्या, हॅश, आणि कमिट न केलेले बदल होते की नाही. गिट डिस्क्राइब ही कमांड चारही एका ओळीत देते. तिचं उत्तर साधारण असं दिसतं: व्ही२.३-१४-जी४०७१९२६-डर्टी. (सोयीसाठी इथे हॅशमध्ये नुसते आकडे घेतले आहेत. खऱ्या हॅशमध्ये ए ते एफ ही अक्षरंही येतात.) व्ही२.३ हा टॅग, १४ म्हणजे टॅगनंतरचे कमिट, आणि आकड्यांआधीचं जी म्हणजे गिट. ते अक्षर हॅशचा भाग नाही, त्यामुळे हॅश कॉपी करताना ते सोडून द्या.

ही कमांड नेहमी चार पर्यायांसह चालवा. डर्टी, म्हणजे कमिट न केलेले बदल कळतात. ऑलवेज, म्हणजे एकही टॅग नसला तरी निदान हॅश मिळतो. मॅच, म्हणजे व्ही आणि आकड्याने सुरू होणारेच टॅग धरले जातात. कुणी "डेमो-सोमवार" असा टॅग मारून ठेवला असेल, तर तो तुमचा व्हर्जन व्हायला नको. आणि अ‍ॅब्रेव्ह १२. हे शेवटचं लोक सोडून देतात. गिट २.११पासून संक्षिप्त हॅशची लांबी रेपोमधल्या (प्रोजेक्टच्या गिट साठ्यातल्या) ऑब्जेक्टच्या संख्येवर ठरते. त्यामुळे एकाच कमिटला तुमच्या मशीनवर ९ अक्षरं आणि बिल्ड सर्व्हरवर ७ असं होऊ शकतं. लिनक्स कर्नलची मंडळी कमिटचा उल्लेख करताना किमान १२ अक्षरं लिहितात, तीच सवय चांगली.

डिस्क्राइब मुळात फक्त अ‍ॅनोटेटेड टॅग (संदेश, तारीख आणि मारणाऱ्याचं नाव असलेले) बघतं. साधा टॅग मारला आणि तो दिसत नाही म्हणून बुचकळ्यात पडलेले कितीतरी जण मी पाहिले आहेत. रिलीजचा टॅग अ‍ॅनोटेटेडच मारा. टॅग्ज हा पर्याय देऊन साधे टॅगही धरता येतात, पण मग कुणी सहज मारलेली खूणही आत येते.

ब्रँचचं नाव घालू नका. ब्रँच आज इथे असते, उद्या पुढे सरकते आणि परवा कुणीतरी पुसून टाकतं.

पूर्वी फाइलच्या डोक्यावर डॉलरच्या चिन्हांमध्ये आयडी लिहायचे, ती माहिती आपोआप भरली जायची. तसं आता का नाही?

ती परंपरा फार जुनी. बेल लॅब्समध्ये मार्क रॉचकाइंड यांनी १९७२मध्ये एससीसीएस ही सोर्सच्या आवृत्त्या सांभाळणारी प्रणाली लिहिली. त्यात फाइलमधल्या ठरलेल्या खुणांच्या जागी रिव्हिजन भरली जायची आणि त्याआधी एक ठरावीक चार अक्षरांची खूण यायची: अ‍ॅट, उघडणारा कंस, हॅश, बंद होणारा कंस. व्हॉट नावाची कमांड कुठल्याही बायनरीत ही खूण शोधते आणि पुढचा मजकूर छापते. नंतर पर्ड्यू विद्यापीठात वॉल्टर टिची यांनी आरसीएस ही तशीच प्रणाली केली. तिथून डॉलर-आयडी-डॉलर ही पद्धत आली, ती सीव्हीएसने उचलली आणि सबव्हर्जनमध्येही ती आहे.

या सगळ्यांत एक मेख आहे: ती रिव्हिजन त्या एका फाइलची असते. मुख्य फाइलला सहा महिने कुणी हात लावला नसेल, तर तिच्यातला आकडा सहा महिने तोच राहतो, बाजूच्या चाळीस फाइल बदलल्या तरी. सगळ्या सोर्सची अवस्था त्यातून कळत नाही.

गिटमध्ये आयडेंट नावाचं अ‍ॅट्रिब्यूट आहे आणि ते डॉलर-आयडी भरतंही. पण ते कमिटचा हॅश देत नाही, त्या फाइलच्या मजकुराचा हॅश देतं. तो हॅश घेऊन कमिटच्या यादीत शोधलं तर काहीच सापडत नाही. यासाठी ते वापरू नका.

व्हॉटची चार अक्षरी खूण मात्र मी आजही घालतो. बीएसडीवर व्हॉट कमांड असते, लिनक्सवर स्ट्रिंग्ज आणि ग्रेप वापरून तीच ओळ काढता येते. बोर्ड सुरूच होत नसेल आणि हाताशी नुसती बायनरी फाइल असेल, तेव्हा ही खूण कामी येते.

सोर्स टारबॉलमधून (सगळा सोर्स बांधलेल्या एका फाइलमधून) बिल्ड केलं तर गिटचं फोल्डर नसतंच. तेव्हा काय?

या पानावरचा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हा आहे. पोर्टेबल म्हणजे लिनक्स, मॅक आणि विंडोज एवढंच नाही. क्लोन, टारबॉल, कंटेनर, डिस्ट्रिब्यूशनचं पॅकेज, गिट नसलेलं मशीन, या सगळ्या ठिकाणी बिल्ड चाललं पाहिजे आणि त्याने खरं सांगितलं पाहिजे. खरं ठाऊक नसेल तर "अज्ञात" म्हणावं. अंदाजाने काहीतरी छापणारा बिल्ड "अज्ञात" म्हणणाऱ्या बिल्डपेक्षा वाईट. वरची दोन दिवसांची गोष्ट त्यातूनच घडली.

यासाठी उत्तम नमुना खुद्द गिटच्या सोर्समध्ये आहे. गिट-व्हर्जन-जेन नावाची शेल स्क्रिप्ट तीन पायऱ्यांनी जाते. आधी बाजूला व्हर्जन नावाची फाइल आहे का ते बघते, असेल तर तीच खरी मानते. नसेल तर याच फोल्डरमध्ये डॉट-गिट आहे का ते पाहून डिस्क्राइब चालवते. तेही जमलं नाही तर स्क्रिप्टमध्ये लिहिलेली ठरलेली किंमत घेते. मी तिसऱ्या पायरीवर व्हर्जनला "अज्ञात" जोडतो, बाकी क्रम तोच ठेवतो.

व्हर्जनची फाइल फक्त टारबॉल बनवताना तयार होते. ती कधीही कमिट करायची नाही, उलट गिट-इग्नोरमध्ये टाकायची. कमिट केलीत तर क्लोनमध्येही पहिल्या पायरीवर तीच सापडेल आणि प्रत्येक बिल्ड जुनाच व्हर्जन सांगत राहील.

पण लोक मेक-डिस्टने बनवलेला टारबॉल घेत नाहीत, वेबसाइटवरून आपोआप बनलेला घेतात.

बरोबर, आणि त्यात तुमची व्हर्जन फाइल नसते. त्यासाठी गिटचं एक्सपोर्ट-सब्स्ट हे अ‍ॅट्रिब्यूट आहे. एका छोट्या फाइलमध्ये डॉलरच्या दोन चिन्हांच्या मध्ये "फॉरमॅट", कोलन, टक्का आणि मोठा एच असं लिहायचं, आणि डॉट-गिटअ‍ॅट्रिब्यूट्स या फाइलमध्ये तिला एक्सपोर्ट-सब्स्ट लावायचं. गिट आर्काइव्हने टारबॉल बनताना त्या जागी पूर्ण हॅश भरला जातो. गिटहबचे आपोआप बनणारे टारबॉलही हे पाळतात.

क्लोनमध्ये ती फाइल मूळ खुणेसहच असते, म्हणून स्क्रिप्टने आधी बघायचं: मजकूर अजून डॉलरने सुरू होतो का? होत असेल तर तो भरला गेलेला नाही, पुढच्या पायरीवर जा.

गिट २.३२पासून त्या जागी डिस्क्राइबचं पूर्ण उत्तरही भरता येतं, म्हणजे टारबॉलमध्येही टॅग आणि कमिटची संख्या मिळते. एका आर्काइव्हमध्ये ही खूण एकदाच भरली जाते, दुसरीकडे लिहिली तर तशीच राहते.

एक सावधगिरी: संक्षिप्त हॅश किंवा ब्रँच-टॅगची नावं भरणाऱ्या खुणा इथे वापरू नका. रेपो वाढला की संक्षिप्त हॅश लांबतो, ब्रँच पुढे सरकल्या की नावं बदलतात, आणि त्याच कमिटचा टारबॉल पुढच्या वर्षी उतरवला तर चेकसम वेगळा येतो. पॅकेज बनवणाऱ्यांना याचा खूप त्रास होतो.

माझ्या प्रोग्रॅममध्ये भलत्याच प्रोजेक्टचा हॅश आला! हे कसं शक्य आहे?

टारबॉल तुम्ही दुसऱ्या कुठल्यातरी गिट रेपोच्या आत उलगडला असणार. गिटला चालू फोल्डरमध्ये डॉट-गिट सापडलं नाही की ते वरच्या फोल्डरमध्ये शोधतं, मग त्याच्या वरच्या. पॅकेजिंगच्या रेपोमध्ये किंवा घरचं फोल्डरच गिटमध्ये ठेवणाऱ्यांच्या मशीनवर हे हमखास होतं. डिस्क्राइब यशस्वी होतं, चूक दिसत नाही आणि बायनरीत परक्या रेपोचा हॅश जाऊन बसतो.

उपाय दोन. व्हर्जन फाइल आधी बघायची, हा वरचा क्रम इथेच कामाला येतो. आणि डॉट-गिट अगदी सोर्सच्या मुळाशीच आहे याची खात्री करायची. ही खात्री करताना "डॉट-गिट हे फोल्डर आहे का" एवढंच विचारू नका. वर्कट्री आणि सबमॉड्यूलमध्ये डॉट-गिट ही साधी फाइल असते आणि तिच्यात खऱ्या फोल्डरचा पत्ता असतो. फोल्डर किंवा फाइल, दोन्ही चालेल असं लिहा. गिट-सीलिंग-डिरेक्टरीज हा एन्व्हायरन्मेंट व्हेरिएबल देऊनही वर शोधणं रोखता येतं.

मेकफाइलमध्ये हे कसं बसवायचं? दर वेळी सगळं पुन्हा कंपाइल होतं.

सगळं पुन्हा कंपाइल होतं याचं कारण बहुधा हे की हॅश हेडर फाइलमध्ये आहे आणि ते हेडर शंभर फाइल घेतात, किंवा हॅश कंपायलरला डी पर्यायाने सगळ्या फाइलसाठी दिला आहे. दोन्ही सोडा. हॅश फक्त एका छोट्या सी फाइलमध्ये ठेवा. हेडरमध्ये नुसती एक्स्टर्न घोषणा असू द्या. कमिट बदलला की तेवढी एक फाइल कंपाइल होईल आणि लिंकिंग होईल. सीकॅश (आधीच्या कंपाइलचा निकाल साठवून पुन्हा वापरणारं साधन) वापरत असाल तर त्याचाही फायदा टिकतो.

ती सी फाइल बनवणारी स्क्रिप्ट प्रत्येक बिल्डला चालली पाहिजे, पण फाइल बदलली असेल तरच लिहिली गेली पाहिजे. युक्ती जुनी आणि भरवशाची आहे: नवा मजकूर तात्पुरत्या फाइलमध्ये लिहा, सीएमपी कमांडने जुन्याशी ताडून बघा, सारखा असेल तर तात्पुरती फाइल पुसा, वेगळा असेल तर जुन्याच्या जागी हलवा. फाइलची वेळ बदलली नाही म्हणजे मेक पुढचं काही करत नाही. स्क्रिप्ट दर वेळी चालवण्यासाठी त्या टार्गेटला फोर्स नावाचं, ज्याला ना अवलंबित्व ना कमांड, असं रिकामं टार्गेट जोडा. ही रीत कुठल्याही मेकमध्ये चालते.

व्हेरिएबलमध्ये डॉलर-शेल लिहून गिट चालवणं टाळा. ते फक्त जीएनयू मेकला कळतं. उद्गारचिन्ह आणि बरोबरचं चिन्ह ही बीएसडीची रीत जीएनयू मेकने ४.०मध्ये, २०१३ साली घेतली आणि पॉसिक्सच्या (युनिक्ससारख्या प्रणालींच्या मानकाच्या) २०२४च्या आवृत्तीत तीही आली. पण मॅकवर अ‍ॅपलसोबत येणारा जीएनयू मेक अजून ३.८१च आहे, त्याला ती कळत नाही. काम नियमाच्या आत, वेगळ्या शेल स्क्रिप्टमधून केलं की हा वादच उरत नाही.

स्क्रिप्ट पॉसिक्स शेलमध्ये लिहा, बॅशची खास रूपं टाळा. इको-एन सगळीकडे सारखं वागत नाही, प्रिंटएफ वापरा. सेडचा जागच्या जागी बदल करणारा आय पर्याय लिनक्स आणि बीएसडीवर वेगळा आहे, तो नकोच. विंडोजवर गिट फॉर विंडोजबरोबर शेल आणि नेहमीची साधनं येतात, त्यामुळे तीच स्क्रिप्ट चालते. फक्त गिटअ‍ॅट्रिब्यूट्समध्ये शेल स्क्रिप्टच्या ओळींचा शेवट एलएफ असा पक्का करा. नाहीतर विंडोजवर चेकआउट होताना ओळीच्या शेवटी सीआर येतो आणि स्क्रिप्ट पहिल्याच ओळीला अडते.

आणखी एक: टॅगच्या नावात गिट दुहेरी अवतरणचिन्ह चालवून घेतं. ते तसंच सीच्या स्ट्रिंगमध्ये गेलं तर कंपाइल मोडतं, शेलमध्ये गेलं तर त्याहून वाईट. अक्षरं, आकडे, टिंब, अधिक आणि वजा एवढंच ठेवा, बाकी गाळा.

सीमेक वापरतो. एक्झिक्यूट-प्रोसेस लिहिलं, तरी हॅश जुनाच राहतो.

एक्झिक्यूट-प्रोसेस कॉन्फिगर करताना चालतं, बिल्ड करताना नाही. तुम्ही नवा कमिट केला आणि नुसतं बिल्ड चालवलं, तर सीमेकला पुन्हा कॉन्फिगर करायचं कारणच दिसत नाही. अ‍ॅड-कस्टम-टार्गेट वापरा, त्यातून सीमेक पी पर्यायाने एक छोटी सीमेक स्क्रिप्ट चालवा, आणि तिच्यात कॉन्फिगर-फाइल वापरा. कॉन्फिगर-फाइल मजकूर तोच असेल तर फाइलला हात लावत नाही, त्यामुळे सीएमपीची युक्ती आयतीच मिळते. शेल लागत नाही, हा विंडोजवर मोठा फायदा.

माझ्या मशीनवर बरोबर येतं. सीआयमध्ये (आपोआप बिल्ड करणाऱ्या सर्व्हरवर) नुसता हॅश येतो किंवा "अज्ञात" येतं.

बहुधा तीनपैकी एक कारण असतं.

पहिलं, अर्धवट क्लोन. गिटहब अ‍ॅक्शन्सचं चेकआउट मुळात एकच कमिट उतरवतं, मागचा इतिहास नाही आणि टॅगही नाहीत. डिस्क्राइबला टॅग सापडणार कुठून? फेच-डेप्थ शून्य केलं की सगळा इतिहास आणि टॅग येतात. रेपो प्रचंड असेल तर हे महाग पडतं, तेव्हा रिलीजच्या बिल्डपुरतं तरी करा.

दुसरं, मालकीची तपासणी. एप्रिल २०२२मध्ये आलेल्या गिट २.३५.२पासून, फोल्डरचा मालक आणि कमांड चालवणारा युजर वेगळे असतील तर गिट काम करायला नकार देतं. सुरक्षेसाठी ते योग्यच आहे. कंटेनरमध्ये मात्र सोर्स बाहेरच्या युजरचा आणि बिल्ड रूटचा, हे नेहमीचंच. सेफ-डिरेक्टरी या सेटिंगमध्ये तो एक फोल्डर घाला. सगळ्याच फोल्डरना मोकळीक देणारं चांदणीचं चिन्ह लोक सर्रास टाकतात, तुमच्या स्वतःच्या मशीनवर ते नको.

हे दुसरं कारण शोधायला अवघड जातं, कारण बहुतेक स्क्रिप्ट गिटचे एरर डेव्ह-नलकडे वळवतात. गिट ओरडून सांगत असतं आणि आपण ऐकत नसतो. म्हणून माझ्या स्क्रिप्टमध्ये एक नियम आहे: डॉट-गिट नसेल तर गपचूप पुढच्या पायरीवर जा, पण डॉट-गिट असूनही डिस्क्राइब अपयशी झालं तर एरर दाखवा, आणि रिलीजचा बिल्ड असेल तर तिथेच थांबा.

तिसरं, डॉकरइग्नोर. त्यात डॉट-गिट असतं, आणि असावंच, नाहीतर सगळा इतिहास इमेजच्या बिल्डमध्ये ओढला जातो. मग बाहेरच डिस्क्राइब चालवा आणि उत्तर बिल्ड आर्ग्युमेंट म्हणून आत द्या. इमेजवर लेबल लावण्यासाठी ओसीआयच्या (कंटेनर इमेजच्या मानकाच्या) ठरलेल्या नावांमध्ये रिव्हिजनसाठी स्वतंत्र नाव आहे, तेच वापरा.

मी काहीच बदललं नाही, तरी "डर्टी" का येतं?

आधी गिट स्टेटस बघा. बहुतेक वेळा बिल्डनेच कमिट केलेली एखादी फाइल बदललेली असते, उदाहरणार्थ आपोआप बनणारी पण चुकून कमिट झालेली लॉक फाइल किंवा पार्सर. ती कमिटमधून काढा. विंडोजवर ओळींच्या शेवटांच्या रूपांतरामुळेही सगळ्या फाइल बदललेल्या दिसू शकतात. फाइल कॉपी करून आणल्या असतील तर त्यांच्या वेळा बदलतात आणि गिटच्या इंडेक्सशी जुळत नाहीत. डिफ-इंडेक्स स्वतः चालवत असाल तर त्याआधी अपडेट-इंडेक्स रिफ्रेशसह चालवा. गिटची स्वतःची स्क्रिप्टही पूर्वी तसंच करायची.

उलट बाजूही लक्षात ठेवा. गिटला न सांगितलेली, नुसती फोल्डरमध्ये पडलेली नवी फाइल डर्टीमध्ये धरली जात नाही. तुमची मेकफाइल फोल्डरमधल्या सगळ्या सी फाइल उचलत असेल, तर ती फाइल बिल्डमध्ये जाईल आणि बिल्ड स्वतःला स्वच्छ म्हणेल. म्हणूनच मी मेकफाइलमध्ये फाइलची नावं एकेक करून लिहितो.

गो, रस्ट, पायथन, जावा, डॉटनेट?

गो १.१८पासून (मार्च २०२२) बिल्ड करणारी गो कमांडच रिव्हिजन, कमिटची वेळ आणि बदल होते की नाही हे बायनरीत लिहिते. गो व्हर्जन कमांडला एम पर्याय देऊन ते वाचता येतं. बाकीच्यांनी हेच करायला हवं होतं असं मला मनापासून वाटतं. डॉटनेट ८च्या एसडीकेपासून कमिटचा हॅश इन्फॉर्मेशनल व्हर्जनमध्ये आपोआप जातो. रस्टमध्ये बिल्ड स्क्रिप्ट लिहावी लागते. जावात मेव्हनचं गिट-कमिट-आयडी प्लगइन आहे, आणि त्याने बनवलेली फाइल स्प्रिंग बूटचं इन्फो एंडपॉइंट दाखवतं.

पायथनमध्ये डिस्क्राइबचं उत्तर जसंच्या तसं चालत नाही, कारण पीईपी ४४०चे, म्हणजे पायथनच्या व्हर्जन नंबरचे, नियम वेगळे आहेत. सेटअपटूल्स-एससीएम हे साधन त्याचं रूपांतर करतं: व्ही२.३नंतरच्या १४व्या कमिटला २.४.डेव्ह१४ आणि त्यापुढे अधिकचं चिन्ह घालून हॅश. अधिकच्या पुढचा भाग असलेलं पॅकेज पायपीआय (पायथन पॅकेजचं सार्वजनिक भांडार) स्वीकारत नाही.

विंडोजच्या व्हर्जन रिसोर्समध्ये आणि अँड्रॉइडच्या व्हर्जनकोडमध्ये तर फक्त आकडे चालतात.

विंडोजमध्ये चार आकडे, प्रत्येक १६ बिटांचा, म्हणजे ६५,५३५च्या वर जाता येत नाही. सबव्हर्जनचा रिव्हिजन नंबर थेट तिथे घालणाऱ्यांची गाडी त्या आकड्यावर अडते. अँड्रॉइडचा व्हर्जनकोड २१० कोटींपर्यंत चालतो, पण प्रत्येक नवा आधीच्यापेक्षा मोठा हवा. गिट रेव्ह-लिस्टला काउंट पर्याय देऊन कमिट मोजता येतात. मात्र दोन ब्रँचवर तोच आकडा येऊ शकतो, आणि अर्धवट क्लोनमध्ये तो १ येतो. म्हणून हा आकडा फक्त क्रम लावण्यासाठी वापरा. ओळख पटवायला बाजूच्या मजकुराच्या रकान्यात हॅश हवाच.

बिल्डची तारीख आणि वेळही घालू का?

घालू नका. कंपायलरचे डेट आणि टाइम हे मॅक्रो वापरले की तोच सोर्स दोनदा बिल्ड केला तरी बायनरी वेगळी येते, आणि "ही बायनरी खरंच याच सोर्सची आहे का" हे पुन्हा बिल्ड करून तपासण्याचा मार्ग बंद होतो. तारीख हवीच असेल तर कमिटची घाला. ती त्या कमिटसाठी कायमची ठरलेली असते. तीच वेळ सोर्स-डेट-इपॉक या व्हेरिएबलमध्ये दिली, तर जीसीसी ७पासून डेट आणि टाइम मॅक्रोही तीच वेळ भरतात.

मर्क्युरिअल, सबव्हर्जन, फॉसिल यांच्यासाठी?

मर्क्युरिअलमध्ये एचजी आयडेंटिफाय १२ अक्षरी हॅश देतं आणि बदल असतील तर शेवटी अधिकचं चिन्ह. त्याच्या आर्काइव्हमध्ये हॅश आणि टॅग असलेली फाइल आपोआप येते, एक्सपोर्ट-सब्स्टसारखी खटपट नाही. सबव्हर्जनमध्ये एसव्हीएनव्हर्जन ही वेगळी कमांड आहे. तिचं उत्तर ४१२३:४१६८एमएस असं आलं, तर काही फाइल ४१२३वर, काही ४१६८वर, एम म्हणजे बदल आहेत, एस म्हणजे काही भाग दुसऱ्या ब्रँचचा आहे. असा मिश्र आकडा आला तर तो बिल्ड बाहेर देऊ नका, आधी अपडेट करा.

फॉसिलचं सगळ्यात प्रसिद्ध उदाहरण म्हणजे एसक्यूलाइट. कुठल्याही एसक्यूलाइटला क्वेरीमधून सोर्स-आयडी विचारा, तो चेक-इनची तारीख आणि पूर्ण हॅश सांगतो. मूळ सोर्समध्ये कुणी फेरफार केला असेल, तर हॅशची शेवटची चार अक्षरं बदललेली असू शकतात. जगभरच्या फोनमध्ये जाणारी लायब्ररी स्वतःबद्दल इतकं नेमकं सांगते, हे मला फार आवडतं.

हॅश उघडा दिसणं धोक्याचं नाही का?

एकट्या हॅशवरून सोर्स काढता येत नाही. रिमोटचा पत्ता मात्र कधीही घालू नका. सीआयमध्ये बऱ्याचदा त्या पत्त्यातच टोकन (प्रवेशाची गुप्त किल्ली) असतं, आणि ते बायनरीतून स्ट्रिंग्ज कमांडने कुणीही वाचू शकतं. कमिट करणाऱ्याचं नाव आणि ईमेलही घालू नका.

हॅश मिळाला, पण रेपोमध्ये तो कमिटच सापडत नाही.

कुणीतरी पुश न केलेल्या कमिटवरून बिल्ड दिला आणि नंतर अमेंड किंवा रिबेस केलं. तो कमिट फक्त त्याच्याच लॅपटॉपवर होता, आणि काही दिवसांनी गिटने तिथूनही साफ केला असेल. रिलीजच्या स्क्रिप्टमध्ये दोन तपासण्या ठेवा: डर्टी असेल तर थांब, आणि हा कमिट रिमोटच्या एकाही ब्रँचमध्ये नसेल तर थांब.

स्ट्रिंग घातली, पण बायनरीत दिसतच नाही.

ती स्टॅटिक आहे आणि कुणी वापरत नाही, म्हणून कंपायलरने गाळली. ग्लोबल करा आणि व्हर्जन दाखवणाऱ्या फंक्शनमध्ये खरोखर वापरा. फर्मवेअरमध्ये लिंकरही न वापरलेले सेक्शन टाकून देतो. तिथे स्ट्रिंगला स्वतंत्र सेक्शन द्या आणि लिंकर स्क्रिप्टमध्ये कीप लिहा. पत्ता ठरलेला असेल तर बूटलोडरलाही ती वाचता येते.

हे सगळं बरोबर चालतंय हे कसं तपासू?

नवी स्क्रिप्ट आली की मी एक छोटी फेरी मारतो, अर्धा तास पुरतो. स्वच्छ क्लोनमध्ये बिल्ड करा, टॅगवर आहे तर नुसता टॅग आला पाहिजे. एका फाइलमध्ये एक रिकामी ओळ घाला, डर्टी आलं पाहिजे. ओळ काढा, पुन्हा बिल्ड करा, डर्टी गेलं पाहिजे आणि ती फाइल व हॅशची छोटी सी फाइल एवढ्याच कंपाइल झाल्या पाहिजेत. लगेच पुन्हा मेक चालवा, काहीही कंपाइल होता कामा नये. वर्कट्री बनवून तिथे बिल्ड करा. एकच कमिट असलेला अर्धवट क्लोन घ्या, निदान हॅश आला पाहिजे. गिट आर्काइव्हचा टारबॉल तात्पुरत्या फोल्डरमध्ये उलगडून बिल्ड करा, नंतर तोच दुसऱ्या एखाद्या गिट रेपोच्या आत उलगडून करा. दोन्हीकडे उत्तर अक्षर न् अक्षर सारखं हवं. शेवटी पाथमधून गिट काढून टाका आणि नुसत्या कॉपी केलेल्या सोर्सवर, ज्यात ना डॉट-गिट ना व्हर्जन फाइल, बिल्ड चालवा. बिल्ड पूर्ण झालं पाहिजे, आणि बोर्डाच्या कन्सोलवरच्या पहिल्या ओळीत "अज्ञात" दिसायला हवं.